मागचा हात भरून येतोय? आधी डाउनहॉल ओढा

या वेळी विंडसर्फिंगबद्दल आलेल्या पत्रांचे सरळ दोन गठ्ठे पडले. एका गठ्ठ्यातले म्हणतायत सेल ऐकत नाही, दुसऱ्यातले म्हणतायत फोरकास्ट खोटं बोलतो. वाचता वाचता लक्षात आलं की तक्रार एकच आहे. ॲपवर वाऱ्याचा वेग १६ नॉट्स बघून सेल लावायचं, पाण्यावर कधी ११ मिळतात कधी २१, मग एकजण सेलला शिव्या घालतो आणि दुसरा ॲपला. म्हणून दोन्ही गठ्ठे एकत्रच घेतलेत. (आणि हो, मराठीत शीड हा चांगला शब्द आहे हे मला माहितीये, पण पाण्यावर कोणी "शीड ताण रे" म्हणताना ऐकलं नाही, तेव्हा सेलच म्हणतो.)

प्रश्न : वजन ७८ किलो, सेल ६.५ स्क्वेअर मीटरचं, कॅम (सेलच्या आतले चिमटे) नसलेलं, तीन वर्षं वापरतोय. वारा एकसारखा असला की मजा येते, पण गस्ट, म्हणजे वाऱ्याचा झोत, आला की मागच्या हाताला असा हिसका बसतो की एकतर सेल सोडून द्यावं लागतं नाहीतर मी सेलवरून पलीकडे. एक मित्र म्हणाला आउटहॉल (सेल मागे ताणणारी दोरी) जोरात ओढ, ओढला, थोडा फरक पडला पण आता हलक्या वाऱ्यात बोर्ड हलतच नाही. दुसरा म्हणतो कॅमवालं नवीन सेल घे. काय करू?

उत्तर : नवीन सेल घ्यायच्या आधी हेच सेल नीट लावून बघा. तुमच्या पत्रात आउटहॉल आहे, कॅम आहे, वजन आहे, पण डाउनहॉल (सेल खाली ओढून ताणणारी दोरी) हा शब्द एकदाही नाही, आणि माझा अंदाज आहे की दुखणं तिथेच आहे.

सेल भरलं की त्याला पोट सुटतं. पोटाचा सगळ्यात खोल भाग मास्टपासून, म्हणजे सेलच्या उभ्या खांबापासून, साधारण एक-तृतीयांश अंतरावर असतो, थोडा पुढेमागे, आणि वाऱ्याचा जोर ज्या जागी एकवटल्यासारखा वाटतो ती जागा या पोटावरच ठरते. तुमच्या हार्नेस लाइन (कमरेचा पट्टा जिला अडकवता ती दोरी) म्हणजे तराजूची मधली दोरी समजा. जोर बरोबर त्या दोरीखाली असला तर दोन्ही हात रिकामे, बूमवर, म्हणजे हातातल्या आडव्या दांडीवर, नुसती बोटं ठेवलीत तरी चालतं. आता गस्ट आला, कापडावर दाब वाढला, आणि पुढची कड पुरेशी ताणलेली नसली तर ते पोट मागे सरकतं. फार नाही, चार-पाच बोटं. पण तराजूचं पारडं मागे झुकायला तेवढं पुरतं, तो सगळा भार मागच्या हातावर येतो, आणि गस्ट गेला की पोट पुन्हा पुढे. स्टेबल सेल म्हणजे ज्याचं पोट गस्टमध्ये जागचं हलत नाही ते, एवढाच त्याचा अर्थ आहे. जोर वाढेल, तो वाढणारच, पण दोन्ही हातांना सारखा वाढला पाहिजे.

त्या जोराचंही जरा बघून घ्या, कारण आपली फसगत तिथे होते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ चा वारा २० झाला तर आपल्याला वाटतं थोडासाच वाढला, पण सेलवरचा जोर पावणेदोनपट झालेला असतो, आणि १२ चा १८ झाला तर सव्वादोनपट. म्हणजे जो दोष १२ नॉट्सला जाणवत पण नाही तो १८ ला तुम्हाला उचलून फेकतो.

डाउनहॉल दोन कामं करतो. मास्ट वाकवून पुढची कड ताणतो, त्याने पोट पुढे धरून ठेवलं जातं. आणि मास्ट वरून वाकल्यामुळे मागची कड, म्हणजे लीच, वरच्या भागात सैल पडते. ही सैल लीच बघून नवखा माणूस घाबरतो, त्याला वाटतं सेल खराब दिसतंय, वरचं कापड लटपटतंय, मग तो डाउनहॉल दोन सेंटीमीटर सोडतो आणि सेलचा सत्यानाश करतो. मीसुद्धा सुरुवातीची दोन-तीन वर्षं हेच केलं, किनाऱ्यावर सेल कडक नि गुळगुळीत दिसलं की मला फार समाधान वाटायचं. ती लटपट मुद्दाम ठेवलेली असते हो. गस्ट आला की सेलचा वरचा भाग तिथून उघडतो, जास्तीचा वारा वरच्या वर निघून जातो, तुमच्या हातापर्यंत पोचतच नाही. वरून कडक सेल म्हणजे झाकण घट्ट बसवलेलं पातेलं, वाफ जाणार कुठे.

आता पुढच्या वेळी असं करा. सेल जमिनीवर आडवं ठेवा, आउटहॉल पूर्ण सोडा (हे महत्त्वाचं, आउटहॉल ताणलेला असताना डाउनहॉल ओढला तर काही कळत नाही आणि कापडाचे हाल होतात). सेलच्या पिशवीवर किंवा खालच्या कोपऱ्यात आकडे छापलेले असतात, समजा लफ (पुढच्या कडेची लांबी) ४६५ आणि मास्ट ४३० सेंटीमीटर, तर खाली एक्स्टेन्शन (मास्टच्या बुडाला जोडायचा तुकडा) ३५ वर लावायचं. मग खाली बसून पाय एक्स्टेन्शनच्या बुडाला टेकवून दोरी ओढा. नुसत्या हाताने साडेसहाचं सेल पूर्ण ओढलं जात नाही, कोणी कितीही दंड दाखवू दे, ओढायचं टूल वापरा किंवा दोरी हार्नेसच्या बारला गुंडाळून पाठीने ओढा. पुलीतल्या दोरीच्या फेऱ्या एकमेकींवर चढल्यात का बघा, एक फेरी जरी तिरकी बसली तरी अर्धी ताकद घासण्यातच जाते आणि आपल्याला वाटतं "झालं, आता येत नाही".

ओढता ओढता वर बघत रहा. सगळ्यात वरच्या पॅनेलची मागची कड आधी सैल पडेल, मग त्याखालची. तुमच्यासारख्या फ्रीराइड, म्हणजे हौसेने चालवायच्या, सेलला वरच्या दोन बॅटनांच्या (सेलमधल्या आडव्या पट्ट्यांच्या) मधलं कापड बोटाने दाबल्यावर मऊ लागलं पाहिजे, वारा जास्त असला तर ती सैल जागा आणखी एक पॅनेल खाली, मास्टच्या दिशेने अर्ध्यापर्यंत आत येऊ द्या. बऱ्याच सेलवर वरच्या भागात खूण छापलेली असते, कमी वाऱ्याला सैल कड इथपर्यंत, जास्त वाऱ्याला इथपर्यंत, त्या खुणेवर विश्वास ठेवा, एक्स्टेन्शनच्या आकड्यापेक्षा जास्त ठेवा, कारण तीन वर्षांत कापड आणि दोरी दोन्ही थोडं बदलतं. दुसरी खूण बूमच्या लगेच वरच्या बॅटनचं पुढचं टोक. डाउनहॉल कमी असला की ते टोक मास्टच्या बाजूला बरंच पुढे आलेलं दिसतं आणि सेल फिरवताना अडकतं. जसजसं ओढाल तसं ते मागे सरकतं.

मग आउटहॉल. मित्राचा सल्ला अगदी चुकीचा नव्हता, पण त्याने आजारावर नाही, तापावर गोळी दिली. आउटहॉलने पोट चपटं होतं, म्हणजे जोरच कमी होतो, हिसकाही कमी आणि पुढे नेणारी ताकदही कमी, म्हणून तुमचा बोर्ड हलक्या वाऱ्यात निघत नाही. डाउनहॉल बरोबर बसल्यावर आउटहॉल हाताने अलगद ताणून कापड सरळ झालं की तिथून दोन-तीन सेंटीमीटर, बस. पाण्यावर गेल्यावर गस्टमध्ये सेल बूमला जोरात टेकत असेल तर एक सेंटीमीटर अजून. एवढं केल्यावरच हार्नेस लाइनला हात लावा, मागचा हात अजूनही जड असेल तर लाइन दोन बोटं मागे, पुढचा जड असेल तर पुढे. लाइन सरकवून डाउनहॉलची चूक झाकता येत नाही, गस्टमध्ये एक हात जड आणि ललमध्ये, म्हणजे वारा मधेच पडतो तेव्हा, दुसरा, असं होत असेल तर पोट हलतंय हे नक्की.

बॅटनवर उभ्या सुरकुत्या असतील तर त्या सुरकुत्या जाईपर्यंत बॅटन ताणा, त्यापुढे नाही.

इतकं करूनही सेल नांदत नसेल तर मास्ट बघा, हे मी शेवटी सांगतोय पण कधीकधी खरा चोर तोच निघतो. मास्टची लांबी जुळली म्हणजे झालं असं नाही. मास्ट वाकायचे प्रकार असतात, काही वरच्या टोकाला जास्त वाकतात, काही वरून ताठ नि खालून जास्त, काही मधले, आणि सेल शिवणारा एक प्रकार धरून पुढच्या कडेची गोलाई कापतो. दुसऱ्या प्रकारचा मास्ट घातला की सेल एका जागी जास्त ताणलं जातं आणि दुसऱ्या जागी पोट राहतं, मग कितीही ओढा. कडकपणाचा आकडाही मास्टवर असतो, साधारण ४३० ला २१ आणि ४६० ला २५. कार्बन जास्त असलेला मास्ट गस्टनंतर पटकन पूर्ववत होतो, त्याचा फायदा स्टेबिलिटीला होतो हे खरं, पण आधी प्रकार जुळवा मग कार्बनचे टक्के बघा.

आणि कॅम. कॅम म्हणजे बॅटनच्या पुढच्या टोकाला बसवलेला चिमटा, तो मास्टला कवटाळून बसतो, त्यामुळे पोट वारा नसतानाही तयार असतं आणि गस्टमध्ये हलत नाही. खरंच हलत नाही, ती गोष्ट खोटी नाही. पण सेल जड होतं, पाण्यातून उचलताना जीव जातो, जाइब करताना (वाऱ्याकडे पाठ करून वळताना) फटकन आवाज करून फिरतं नाहीतर फिरतच नाही. सरळ रेषेत वेगाने जायची आवड असेल तर घ्या. मागचा हात दुखतो म्हणून घेऊ नका.

प्रश्न : ॲपवर १८ नॉट्स, आमच्या तलावावर १०. दुसऱ्या ॲपवर १४, तरी १०. तिसऱ्यावर १८ आणि तोही चुकीचा. नेमका कोणता फोरकास्ट बरोबर? सरसकट ४० टक्के वजा करू का?

उत्तर : सरसकट काही वजा करू नका, आणि ॲपं मोजणं तर आधी बंद करा. ॲप म्हणजे दुकानाची पाटी, आतला माल मॉडेलचा, म्हणजे हवामानाचं गणित करणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमचा, असतो. तुमचं पहिलं आणि तिसरं ॲप बहुतेक एकच मॉडेल दाखवतायत, म्हणून दोन्हीकडे १८. बहुतेक ॲपमध्ये मॉडेलचं नाव कुठेतरी लिहिलेलं असतं, ते शोधा. अमेरिकेचं जीएफएस जगाचे सुमारे १३ किलोमीटरचे चौकोन पाडतं, युरोपियन सेंटरचं ईसीएमडब्ल्यूएफ साधारण ९ किलोमीटरचे. तुमचा तलाव किती मोठा आहे? समजा लांबी दोन किलोमीटर. म्हणजे मॉडेलच्या हिशेबी तुमचा तलाव अस्तित्वातच नाही, आणि त्याच्या काठावरची टेकडी आसपासच्या सपाट जमिनीत मिसळून चपटी झालेली आहे. काही भागांसाठी एक ते तीन किलोमीटर चौकोनांची बारीक मॉडेलं असतात, फ्रान्सचं आरोम १.३ किलोमीटरचं आहे, तुमच्या भागाला असं काही मिळत असेल तर पहिल्या दोन दिवसांसाठी तेच बघा. पाच दिवस पुढचं बघायचं असेल तर जागतिक मॉडेल, आणि त्यातही आकडा नाही, नुसता कल बघायचा.

पुढची गंमत उंचीची. फोरकास्टमधला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो आणि तो काही मिनिटांचा सरासरी वारा असतो. तुमच्या सेलचा मध्य दोन-अडीच मीटरवर. खाली पाण्याशी घासून वारा मंदावतो, मोकळ्या पाण्यावर दोन मीटर उंचीला १० मीटरच्या मानाने १५ ते २० टक्के कमी. म्हणजे हातातल्या वारामापकावर १६ आले तर फोरकास्टच्या भाषेत ते १९ च्या आसपास झाले, फोरकास्ट चुकला नाही, तुम्ही दोघं वेगवेगळ्या मजल्यावर उभे आहात. त्यात वारामापक झाडीच्या आड धरला असेल तर मग बोलायलाच नको.

पण १८ चे १० व्हायला एवढं पुरत नाही, तिथे अडथळा आहे. वाऱ्याच्या वाटेत झाडं, इमारत, बांध काही असलं की त्याच्यामागे त्याच्या उंचीच्या दहा ते वीसपट अंतरापर्यंत वारा कमजोर आणि गढूळ राहतो. १५ मीटर उंच झाडांची रांग म्हणजे दीडशे ते तीनशे मीटर. लहान तलावात हा पट्टा अर्धं पाणी खाऊन टाकतो. अडथळ्याच्या पुढेही थोड्या अंतरावर वारा वर उचलला जातो, समोर भिंतीसारखा उंच काठ असेल तर किनाऱ्याजवळ वारा पडल्यासारखा वाटतो ते यामुळे. उलट दोन डोंगरांच्या खिंडीत तोच वारा जोर धरतो. स्पेनमधल्या तारिफाला जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीमुळे लेवांते, म्हणजे पूर्वेचा वारा, जो सुटतो तो खिंडीचाच प्रताप, ढोबळ मॉडेलमध्ये ती खिंड पूर्ण दिसत नाही.

म्हणजे चूक दिशेवर अवलंबून आहे. पश्चिमेकडून मोकळं असेल तर पश्चिमेचे १८ म्हणजे १६ मिळतील, उत्तरेला टेकडी असेल तर उत्तरेचे १८ म्हणजे १० आणि तेही तुकड्यातुकड्यात. म्हणून वही करा. मी स्वतः करतो, आणि ॲपच्या पैसे भरून घेतलेल्या व्हर्जनपेक्षा त्या वहीने मला जास्त दिवस पाण्यावर नेलंय. माझ्या वहीतली एक ओळ जशीच्या तशी देतो : "सकाळचा फोरकास्ट वायव्य १७, गस्ट २४. दुपारी २ ते ४ खरे १२ ते १९. आकाश अर्धं ढगाळ. ६.५, कमी पडलं अर्धा वेळ. वारा ३ नंतर पश्चिमेला वळला तेव्हा चांगला." बस, एवढंच लिहायचं, पण न गेलेल्या दिवशीसुद्धा लिहायचं, आणि फोरकास्ट निघायच्या आधीचा लिहायचा. परत आल्यावर ॲप उघडलं तर ते नवीन आकडा दाखवतं, जीएफएस दिवसातून चार वेळा नव्याने चालतं, आणि आपण म्हणतो "अरे बरोबर तर होता". एका दिशेच्या आठ-दहा ओळी झाल्या की खऱ्याला फोरकास्टने भागा. माझ्याकडे एका दिशेला ०.९ येतं आणि एका दिशेला ०.६, आणि एक दिशा अशी आहे की तिथे काही गणितच बसत नाही, कधी ०.५ कधी १.२. त्या दिशेच्या दिवशी मी सरळ घरची कामं काढतो.

जवळपास मोजणारं स्टेशन असेल तर आकडे तिथून घ्या, पण ते स्टेशन कशाच्या आड आहे हे एकदा जाऊन बघा. आणि नुसती सरासरी लिहू नका, लल आणि गस्ट दोन्ही लिहा. सरासरी १५ चे दोन दिवस असू शकतात, एक दिवस १३ ते १७ आणि एक दिवस ९ ते २१. दुसऱ्या दिवशी सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जोरदार क्षणातला जोराचा फरक जवळपास साडेपाचपट असतो. तिथे सेलची साइज काय, देवाने येऊन ठरवली तरी अर्धा वेळ चुकीचीच असणार. असल्या दिवशी गस्ट बघून सेल निवडा, डाउनहॉल जास्तीच्या खुणेपर्यंत ओढा, आउटहॉल मात्र जरा सैल ठेवा म्हणजे ललमध्ये पोट शिल्लक राहतं.

प्रश्न : आमच्याकडे उलटं आहे. समुद्रकिनारा, फोरकास्ट ८ नॉट्स, म्हणून छोटा फिन (बोर्डखालचं पातं) आणि छोटी सेलं घरी ठेवून जातो आणि दुपारी १८ सुटतो. हे ओळखायचं कसं?

उत्तर : शाळेत भूगोलात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतायत का? तेच. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन उठते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला आत येते. ढोबळ मॉडेलच्या एका चौकोनात अर्धी जमीन अर्धा समुद्र असतो, तो दोन्हींची सरासरी काढतो, आणि सरासरी काढली की खारे वारे नाहीसेच होतात.

ओळखायला आकड्याकडे कमी आणि आकाशाकडे जास्त बघा. सकाळी स्वच्छ ऊन, वारा पडलेला किंवा जमिनीकडून अगदी हलका, आणि दहा-अकराच्या सुमारास जमिनीच्या बाजूला कापसासारखे छोटे ढग जमायला लागले पण समुद्रावर आकाश निळं राहिलं, की छोटी सेलं गाडीत टाका. आधी पाणी अगदी काचेसारखं होतं, मग लांबवर एक गडद रेघ दिसते आणि ती जवळ येत जाते. ती रेघ बघितली की मला आजही लहान मुलासारखी घाई होते, तो भाग सोडा. उलट सकाळपासून दाट ढग असतील तर जमीन तापत नाही, मग ॲपवरचे ८ हे ८ च. जमिनीकडून मुळातच जोरदार वारा असेल तर खारा वारा त्याच्याशी झुंजतो आणि बऱ्याचदा हरतो, दोघांच्या भांडणात मधे किनाऱ्यावर काहीच उरत नाही. मुळातला वारा समुद्राकडूनच असेल तर मात्र दोघं मिळून फोरकास्टच्या वर जातात.

उत्तर गोलार्धात हा वारा दिवस पुढे सरकेल तसा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळत जातो, म्हणजे दुपारी एकला सरळ किनाऱ्यावर आदळणारा वारा चारला बाजूने येऊ शकतो. दक्षिण गोलार्धात उलटं. निघायची वेळ त्यावरून ठरवा.

डोंगरातल्या सरोवरांवर हेच नाटक दरी आणि उतार करतात. इटलीतलं गार्दा सरोवर घ्या, सकाळी उत्तरेकडून पेलेर, दुपारी दक्षिणेकडून ओरा, चांगल्या हवेत जवळजवळ वेळापत्रकासारखं. तिथले लोक ॲपवरचा आकडा नाही, आदल्या रात्रीचं आकाश बघतात.

प्रश्न : खाडीत सेल करतो. त्याच ६.५ वर, त्याच १४ नॉट्सला, एक दिवस मस्त प्लेनिंग (बोर्ड पाण्यावरून सुसाट घसरत) आणि दुसऱ्या दिवशी नुसता तरंगतो. सेल खराब झालं का?

उत्तर : भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितलंत का? पाणी वाऱ्याच्या विरुद्ध २ नॉट्सने वाहत असेल तर पाण्यावर बसलेल्या तुम्हाला १४ चा वारा १६ लागतो, वाऱ्याबरोबर वाहत असेल तर १२. सोळा आणि बारा, जोरात पावणेदोनपट फरक. सेलला दोष देऊ नका. वहीत भरती की ओहोटी असा एक रकाना वाढवा. विरुद्ध प्रवाहात लाटा आखूड आणि उभ्या होतात, ते मात्र सोसावं लागेल.

प्रश्न : थंडीत वारा "जड" असतो म्हणतात. खरं का?

उत्तर : थोडं. हवेची घनता शून्य अंशाला १.२९ किलो प्रति घनमीटर आणि तीस अंशाला १.१६, म्हणजे अकरा टक्के फरक, म्हणजे १८ चा वारा १९ सारखा वाटेल, त्यावर सेल बदलण्याइतकं काही नाही. खरा फरक दुसरीकडे आहे. गार हवा कोमट पाण्यावरून वाहते तेव्हा खालची हवा वर आणि वरची खाली अशी घुसळण होते, वरचा जोरदार वारा झोताझोताने पाण्यावर आपटतो, म्हणून गस्ट. उलट कोमट हवा गार पाण्यावर असली की खाली थंड हवेची गादी तयार होते, वरून वारा सरकून जातो, ॲपवर १८, ढग पळतायत, आणि पाण्यावर काही नाही. वसंतात असले दिवस फार फसवतात.

प्रश्न : वारा किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहतो त्या दिवशी पाणी सपाट असतं, नवशिक्याला तेच बरं ना?

उत्तर : नाही. आणि यावर मला वाद नकोय, कारण मी हे स्वतः करून बसलोय. किनाऱ्यावर ९-१० वाटत होते, पाणी आरशासारखं, ६.५ लावलं, तेही डाउनहॉल अर्धवट, म्हटलं हलकाच तर आहे. किनारा आणि त्यावरची झाडं मागे पडली तसा खरा वारा लागला, तो वीसच्या वर होता, सेल हातात राहीना, आणि जितका पडत होतो तितका आणखी आत ढकलला जात होतो. शेवटी सेल पाण्यात लोळत ठेवून बोर्डवर पोटावर झोपून हाताने वल्हवत बसलो आणि एका बोटीने आणलं. किनाऱ्यावरून जे दिसत होतं ती झाडांची सावली होती, वाऱ्याची. असल्या दिवशी पाण्याच्या रंगाकडे लांबवर बघा. आत पांढरे फेस दिसत असतील तर तिथे किमान ११-१२ आहेत, सगळीकडे फेसच फेस असेल तर १७ च्या वर. आणि सोबत बचावाची बोट नसेल तर पाण्यात उतरूच नका, कितीही सपाट असो.

प्रश्न : माझ्या वजनाला किती वाऱ्यात किती सेल, असा काही फॉर्म्युला आहे का? आणि मधेच वारा वाढला तर सेल बदलायचं की ट्रिम करायचं?

उत्तर : ढोबळ फॉर्म्युला असा, वजन किलोत घ्या, १.३४ ने गुणा, वाऱ्याच्या नॉट्सने भागा. पहिल्या पत्रातले ७८ किलोवाले १६ नॉट्सला साडेसहावर येतात, २० ला सव्वापाचवर. हा आकडा प्लेनिंगच्या बोर्डसाठी, फॉइलवाल्यांनी (बोर्डखाली पाण्यात पंख असलेल्यांनी) बराच कमी धरायचा. आणि वारा वहीतला घ्यायचा, ॲपवरचा नाही, तिथेच सगळा घोळ आहे.

वाढला तर आधी बाहेर या. पाण्यात उभं राहून डाउनहॉल ओढायचा प्रयत्न करू नका, वाळू पुलीत जाते नि दोरी हातातून सुटते. किनाऱ्यावर आउटहॉल सोडा, डाउनहॉल एक सेंटीमीटर ओढा, आउटहॉल परत घ्या पण आधीपेक्षा एक सेंटीमीटर जास्त, मास्टचं बूड ट्रॅकमध्ये एक-दोन सेंटीमीटर पुढे सरकवा म्हणजे बोर्डचं नाक खाली राहील, बूम दोन बोटं खाली. या सगळ्याने साधारण तीन-चार नॉट्स वाढलेले खपून जातात. फॉर्म्युल्यात एक स्क्वेअर मीटरपेक्षा जास्त फरक येत असेल तर मुकाट्याने लहान सेल लावा, आणि मोठं गुंडाळायच्या आधी डाउनहॉल सोडायला विसरू नका.